नावाशेजारचा पेन्सिलचा आकडा

बाई, तुमच्या मृत्यूची नोंद मीच केली.

शनिवारची सकाळ होती. जन्म-मृत्यूच्या खिडकीवर रांग होती आणि मी मान खाली घालून बसलो होतो. माझ्या या सवयीचा तुम्हाला किती राग यायचा. कागद पुढे आला, मी रजिस्टर ओढलं आणि नाव विचारलं. पलीकडून कुणीतरी 'सुमन' म्हणालं. मी 'सुमन' लिहिलं. मग नवऱ्याचं नाव लिहिलं. आडनावाची दोन अक्षरं लिहून झाली आणि हात थांबला. वर पाहिलं तर तुमचे यजमान उभे होते. सदऱ्याची बटणं भलत्याच काजांत गेली होती. ते म्हणाले, "भाऊसाहेब, तुम्हीच लिवा." दुसरं कोण लिहिणार होतं, बाई? खिडकी एक आणि कारकूनही एकच.

आज शुक्रवार. बरोबर आठवडा झाला. तरी मला अजून पटत नाही. गुरुवारी दुपारी चारला तुम्ही माझ्या टेबलासमोर उभ्या राहून माझ्याशी भांडत होतात आणि शुक्रवारी पहाटे तुम्ही नव्हतात. ते मला शुक्रवारी कळलंही नाही, कारण त्या दिवशी मी रजा टाकली होती. पोट बिघडलंय असं लिहून दिलं होतं. पोट ठणठणीत होतं. तुम्ही पुन्हा येणार, पुन्हा तोच विषय काढणार, म्हणून मी घरी पंख्याखाली पडून होतो. तुम्हाला टाळायला म्हणून मी घरी बसलो आणि त्याच सकाळी लोक तुम्हाला उचलून घेऊन गेले. हे कुणाला सांगायचं?

रजिस्टरात मृत्यूच्या कारणाचा रकाना असतो. डॉक्टरांच्या चिठ्ठीवर 'हृदयक्रिया बंद पडून' असं होतं. गेली कित्येक वर्षं मी तो रकाना याच शब्दांनी भरतोय, आणि प्रसूतिगृहाचे कागद घेऊन आलात की तुम्ही मला त्यावरूनच डिवचायच्या. म्हणायच्या, हृदय सगळ्यांचंच बंद पडतं, का पडलं ते लिहा. मी म्हणायचो, चिठ्ठीत आहे तेच लिहिणार, पदरचं कसं लिहू? शनिवारी तुमच्या नावापुढे मी तेच शब्द लिहिले. का बंद पडलं ते मला ठाऊक नाही. पण गुरुवारी तुम्ही जिना उतरताना कठडा धरून मध्येच थांबला होतात हे मी वरून पाहिलं होतं. रागावल्या असतील, असं मला वाटलं होतं. ते रजिस्टरात लिहायची सोय नाही.

उद्या प्रसूतिगृहाच्या अंगणात शोकसभा आहे. तिथल्या नर्सबाईंनी मला चार शब्द लिहून आणायला सांगितलंय, जन्म, शिक्षण, नोकरीत कधी लागल्या, असं काहीतरी. नोंदी करणारा माणूस म्हणून हे काम माझ्याकडे आलं असावं. मी दोनदा बसलो आणि दोन्ही वेळा कागद फाडला. तुम्ही कधी जन्मलात हे ऐकून कुणाला काय कळणार आहे? मला तुमच्याशीच बोलायचं आहे. गुरुवारचं भांडण अर्धं राहिलंय.

पहिला दिवस आठवतो का? बहात्तरचा दुष्काळ सरून वर्ष झालं होतं. दिल्लीहून पाच वर्षांखालच्या मुलांची पाहणी निघाली होती. देशातली मुलं कशी आहेत, किती जगतात, किती वजनाची आहेत, त्यांना देवीची लस टोचली का, हे सगळं दिल्लीला हवं होतं. आपल्या वाट्याला सोलापूरच्या भवानी पेठेतल्या गल्ल्या आल्या. लिहायला मी, नोंदणीचा कारकून, आणि वजन करायला तुम्ही, पेठेच्या सुईणबाई. खांद्याला ताणकाटा आणि लुगड्याची झोळी अडकवून तुम्ही माझ्या टेबलाशी आलात, माझ्याकडे निरखून पाहिलंत आणि विचारलंत, नाकाला ते भोक कसलं? मी सांगितलं, देवीचा व्रण आहे. सगळ्यांना तेच सांगत आलो होतो, बायकोलासुद्धा. तुम्ही म्हणालात, "देवीचा वण कदी एकटा येत न्हाय की, भाऊसाहेब." आणि पुढे काही विचारलं नाहीत. मला तुमचा मनस्वी राग आला. त्या रागातच मी पहिले आठ दिवस तुमच्याबरोबर फिरलो.

भवानी पेठेत ती उन्हाळ्याची सुरुवात होती. दारोदारी मागाची खटखट आणि ओट्याओट्यावर मांडीवर सूप घेऊन विड्या वळणाऱ्या बायका. मी दारात उभा राहून विचारायचो, मुलं किती? बाई मान वर न करता सांगायची, तीन. फॉर्मवर दोन चौकटी होत्या. एक 'आजपर्यंत झालेली मुले' आणि दुसरी 'हयात मुले'. मी दोन्हीत तीन लिहायचो, नावं लिहायचो, अंगठा घ्यायचो आणि पुढच्या दारात जायचो. दिवसाला पंचवीस घरं. माझ्याइतका भरभर कुणी लिहीत नाही, याचा मला तोरा होता.

आणि तुम्ही मागेच राहायच्या. दाराच्या चौकटीच्या आडव्या लाकडाला काटा टांगून पोर झोळीत घालायचं, ते भोकांड पसरायचं, तुम्ही त्याच्याशी तेलुगूत काहीबाही बोलायच्या. माणसं त्यात दहा चुका दाखवायची आणि हसायची. इथपर्यंत ठीक होतं. पण काही घरांत तुम्ही चक्क चपला काढून ओट्यावर फतकल मारून बसायच्या, सुपातली चार पानं हातात घ्यायच्या, त्या बाईच्या पोराला काहीतरी आणायला पिटाळायच्या आणि खालच्या आवाजात बोलत राहायच्या. मी गल्लीच्या तोंडाशी उन्हात करपत उभा. एकदा मी चिडून म्हणालो, ओळखीपाळखी काढायला आलोय का आपण? तुम्ही माझ्या हातातून फॉर्म घेतलात आणि एका मुलाच्या नावाशेजारी, चौकटीच्या बाहेर, पेन्सिलीने बारीकसा दोन काढलात.

तो दोन कसला, ते तुम्ही मला चहाच्या टपरीवर सांगितलंत. मुलाचं नाव पेंटय्या होतं. तेलुगूत पेंटा म्हणजे उकिरडा. म्हणालात, हौसेनं कुणी पोराला उकिरडा म्हणतं का? आधीची गेली की पुढच्याला असं नाव ठेवतात. घाण आहे, दगड आहे, कुणाच्या कामाचा नाही, असं म्हटलं की मरण त्याच्याकडे बघत नाही. कानडी घरात तो तिप्पण्णा होतो, तोही उकिरडाच. मराठी घरात दगडू, धोंडू, केरूबाई. शेजारणीला सूपभर कोंड्यावर पोरगी विकायची आणि परत घ्यायची, तिची मग कोंडाबाई होते. तुमच्या सख्ख्या थोरल्या भावाचं नाव उकिर्डा होतं. तुमच्या आईनं त्याच्याआधीच्या चौघांबद्दल आयुष्यात अवाक्षर काढलं नव्हतं. पण ते नाव दिवसातून पन्नासदा तिच्याच तोंडून निघायचं.

म्हणून तुम्ही फॉर्ममध्ये आधी नाव वाचायच्या. दगडू दिसला की बसायच्या. पोराला बाहेर पाठवायच्या, कारण गेलेल्यांचा विषय जित्या पोरासमोर काढत नाहीत. मग विचारायच्या, "ह्याच्या आदी किती?" आणि ती बाई सांगायची, बाई. दर वेळी सांगायची. जणू कुणी विचारायचीच वाट बघत होती.

मला ते ऐकून काय वाटलं, हे मी तुम्हाला कधी सांगितलं नाही. मला धक्का बसला होता. माझ्या नाकाचं भोक मला तिथल्या तिथे जाणवलं. मी चहा अर्धा टाकून उठलो आणि म्हणालो, चला, उशीर होतोय.

मग आपलं पहिलं भांडण झालं. तुमचं म्हणणं, वरच्या चौकटीतला तीन खोडून पाच करा. माझं म्हणणं, बाईनं तीन सांगितले, तीनवर अंगठा दिला, आता खाडाखोड केली तर फॉर्म बाद होईल. तुम्ही म्हणालात, मग विचारतानाच नीट विचारा. मी म्हणालो, दिल्लीनं प्रश्न छापून दिलाय, मी तो वाचतो, फोडून सांगायचा मला अधिकार नाही. नोंदणीच्या खिडकीवरही माझं हेच होतं. जो दारात येतो त्याची नोंद. बारशाआधी गेलेलं मूल कोण आणतं खिडकीवर? ओढ्याच्या कडेला पुरतात आणि घरी येतात. नाव नाही, पावती नाही, मग नोंद कशाची करायची? तुम्ही दमून म्हणालात, बरं, तुमची चौकट तुम्ही सांभाळा. आणि पेन्सिलीचे आकडे काढत राहिलात. दोन. एक. तीन. एका केरूबाईच्या नावाशेजारी पाच होता. तो मी बराच वेळ पाहत राहिलो आणि फॉर्म गठ्ठ्यात सारला.

पण मजाही आली की नाही? तुमच्या डब्यातली कडक भाकरी मी दाताखाली मोडायचो आणि तुम्ही म्हणायच्या, आवाज ऐकून लोकांना वाटेल माग चालू झाला. शेंगाची चटणी तुम्ही मुद्दाम जास्त आणायच्या. आठव्या दिवशी मला ऊन लागलं, तेव्हा एका साळ्याच्या ओट्यावर आडवं करून, बायकांच्या घोळक्यात, माझ्या डोक्यावर कांद्याचा रस चोळलात. कार्यालयात मी महिनाभर कोणाला तोंड दाखवू शकलो नाही. पाहणी संपली त्या दिवशी मला वाईट वाटलं होतं. हेही मी बोललो नाही.

आता माझी करणी सांगतो. गुरुवारी सांगितली तेव्हा मी ताठ्यात होतो, म्हणून पुन्हा सांगतो.

कच्चे फॉर्म वर जात नाहीत. त्यांची पक्की प्रत करावी लागते, सुवाच्य, शाईनं, खाडाखोड नसलेली. ते काम माझं होतं. घरी, रविवारी, जेवणाच्या पाटावर बसून मी ती प्रत केली. पहिल्या पानावर दगडू आला. मी पेन उचलून बसून राहिलो. बाई, शाळेत हजेरीला 'दगडू' म्हटलं की मागच्या बाकावरून खडे यायचे. मास्तरही हसायचे. चौथीत नवे मास्तर आले, त्यांनी आपल्या मनानं हजेरीपटावर दत्तात्रय लिहिलं, आणि त्या दिवसापासून मी माणसात आलो. नातेपुत्याहून सोलापुरात नोकरीला आलो तो दत्तात्रय म्हणूनच. तर मला वाटलं, ही मुलं आज तीन-चार वर्षांची आहेत. सरकारदरबारी त्यांचं नाव पहिल्यांदाच जातंय. ते तरी चांगलं जाऊ दे. मी दगडूचा दत्तात्रय केला. केरूबाईची कल्पना केली. पेंटय्याचा प्रभाकर, तिप्पण्णाचा त्रिंबक, कोंडाबाईची कुमुदिनी. शोभतील अशी, अक्षराला अक्षर जुळवून नावं शोधली. इतकं समाधान मला नोकरीत कधी मिळालं नव्हतं. आणि पेन्सिलीचे आकडे चौकटीच्या बाहेर होते, ते मी घेतलेच नाहीत.

प्रत वर गेली. सहा महिन्यांनी नियमाप्रमाणे कच्चे फॉर्म रद्दीत गेले. फाडून देण्याच्या कागदावर सही माझीच आहे.

तुम्हाला यातलं काही माहीत नव्हतं. तुम्ही भवानी पेठेसाठी आणखी एक सुईण आणि बाळंतपणाची एक खोली मागितली होती. अर्जावर अर्ज लिहिलेत. सगळ्या पेठेला तुम्ही एकट्या, एका गल्लीत अडलेली बाई सुटेपर्यंत दुसऱ्या गल्लीतली तशीच राहायची. गेल्या आठवड्यात त्याचं उत्तर आलं. पाहणीच्या आकड्यांवरून या भागात झालेली मुले आणि हयात मुले यांत फरक जवळजवळ दिसत नाही, सबब जादा सुईणीची गरज नाही, अशा अर्थाचं. ते पत्र हातात घेऊन तुम्ही गुरुवारी जिना चढून आलात. चिडलेल्या नव्हतात, उलट हुरूप होता. म्हणालात, चौकटीतला आकडा चुकला तर चुकला, नावं तर आहेत! नावांची यादी काढू, पेन्सिलचे आकडे पुढे मांडू, वर कळवू. पक्की प्रत काढा.

मी कपाटातून कार्यालयाची प्रत काढून दिली. तुम्ही चष्मा लावलात आणि बोटानं एकेक ओळ वाचत गेलात. पहिलं पान. दुसरं पान. तुमचं बोट हळू झालं. तुम्ही पुन्हा पहिल्या पानावर गेलात. मला वाटलं, आता म्हणतील अक्षर किती छान आहे. तुम्ही विचारलंत, हा दत्तात्रय कोण? आपण ह्या घरात गेलो होतो, तिथे दत्तात्रय नव्हता. मी हसत सांगितलं, नावं सुधारली मी. चांगली दिसत नव्हती.

तुमचा चेहरा मी विसरू शकत नाही. रागाचा नव्हता तो. कुणीतरी गेल्याचं सांगितल्यावर होतो तसा होता. खिडकीवर बसून मी तो चेहरा रोज पाहतो, पण आजवर तो माझ्यामुळे झालेला नव्हता. तुम्ही खुर्चीला धरून उभ्याच राहिलात. कच्चे फॉर्म कुठे आहेत, विचारलंत. मी सांगितलं. मग पहिल्या पानावर बोट ठेवून तुम्ही बोललात.

"भाऊसाहेब, ह्यांना तुमी नावं दिलीत. आन् ह्यांच्या भावंडांना परत पुरलंत."

माझा भडका उडाला. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात तसा मी बोललो. म्हणालो, तुम्हाला काय माहीत त्या नावानं जगणं काय असतं? फॉर्मच्या बाहेर पेन्सिलीनं रेघोट्या कुणी मारायला सांगितल्या होत्या? दिल्लीला नसती दुखणी नको आहेत. सगळं कार्यालय ऐकत होतं. तुम्ही शांतपणे माझ्या नाकाकडे पाहिलंत, पहिल्या दिवशी पाहिलं होतं तसं, आणि विचारलंत, "तुमचं खरं नाव काय?"

मी म्हणालो, दत्तात्रय.

"मग आईला जाऊन इचारा," तुम्ही म्हणालात. पत्राची घडी घातलीत आणि निघालात. जिन्यावर थांबलात. मी खाली आलो नाही. पाणी हवंय का, इतकंही विचारलं नाही. शेवटचं काय बोललो तर खोटं नाव.

तुमचं नाव रजिस्टरात लिहिलं आणि दुसऱ्या दिवशी, रविवारी, पहिल्या एसटीनं मी नातेपुत्याला गेलो. आई अंगणात ज्वारी निवडत होती. असा मध्येच कसा आलास, म्हणाली. मी चपला काढल्या आणि तिच्यासमोर जमिनीवर बसलो. किती वर्षांनी तसा बसलो असेन. थोडी ज्वारी पुढ्यात ओढून मीही खडे वेचायला लागलो. मग विचारलं, माझं नाव दगडू का ठेवलं?

"जगावास म्हणून," ती म्हणाली.

"माझ्या आधी किती?"

तिचे हात थांबले नाहीत. "तीन," ती म्हणाली. "दोन पोरगं आन् एक पोरगी."

बाई, मी अडतीस वर्षांचा आहे. मला वाटत होतं, मी एकुलता एक आहे. पहिला नऊ दिवस होता. दुसरा दीड महिन्याचा, दूध ओढायचा राहिला. पोरगी रांगायला लागली होती. तिचं बारसं झालं होतं, नाव ठकू. त्या नावानं तिला हाक मारणारं जगात आता एकच माणूस आहे, आणि ते माझ्यासमोर ज्वारी निवडत होतं. मी पहिल्या इयत्तेत जाईपर्यंत आईनं माझ्या नाकात मोरणी ठेवली होती, ते मला आठवलं. मुलगी समजून मरणानं सोडून द्यावं म्हणून. त्याच भोकाला मी जन्मभर देवीचा व्रण म्हणत आलो.

मला कधी सांगितलं का नाहीस, असं मी विचारलं. तुझ्यासमोर त्यांचं नाव काढलं तर तुला बोलावतील अशी भीती होती, म्हणाली. आणि मोठा झाल्यावर? मोठा झाल्यावर तू कधी बसलास, म्हणाली. मग आपणहून सांगितलं, मागं आमच्याकडंही मोजायला आला होता एक जण. मुलं किती, म्हणाला. मी एक सांगितलं. मी म्हणालो, अगं, झालेली मुलं विचारत होता तो, चार सांगायची. ती पहिल्यांदा माझ्याकडे बघून बोलली.

"दारात हुबा हुता तो. चपला बी काढल्या न्हायत. त्याला काय सांगायचं?"

तो मी नव्हतो. पण मीच होतो की.

सोमवारपासून मी खिडकीवर बसतोय. माणसं येतात, मी लिहितो. तुमची नोंद त्याच रजिस्टरात आहे, पान उलटलं की दिसते. मला वाटायचं, या रजिस्टरात गाव आहे. इथून आकडे पुण्याला जातात, तिथून दिल्लीला जातात, आणि तिथे कुणीतरी म्हणतं, देशातली मुलं अशी अशी आहेत. माझ्या तीन भावंडांशिवाय. केरूबाईच्या पाच जणांशिवाय. आणि मधे कुणी लबाडी केलेली नसते. आईनं खोटं सांगितलं नाही. मोजणाऱ्यानं ऐकलं तेच लिहिलं. मीसुद्धा चांगल्या मनानंच नावं बदलली. तुम्ही असतात तर म्हणाला असतात, चांगल्या मनाचं काय लोणचं घालायचंय? म्हणा ना, बाई. एकदा म्हणा.

बुधवारी तुमच्या घरी गेलो होतो. भिंतीवर बुद्धाची तसबीर आणि तिच्याखाली खुंटीला तुमचा ताणकाटा टांगलेला. यजमान म्हणाले, हा तुम्ही न्या, आमच्यात आता कोण वजन करतंय. मला तो घेववेना. मग घेतला. वंदना चालू झाली तेव्हा हात कधी जोडायचे ते मला कळत नव्हतं, शेजारच्या बाईकडे बघून जोडले.

आणि काल, गुरुवारी, कार्यालय सुटल्यावर मी कोरे कागद आणि एक पेन्सिल घेऊन भवानी पेठेत गेलो. कुणी सांगितलं नव्हतं. हे कागद कोणत्या पाहणीत बसणार, वर कुणी वाचणार का, मला माहीत नाही. तुमच्या अर्जाला जोडून पाठवणार, एवढंच ठरवलंय. घरांचे नंबर पक्क्या प्रतीतून घेतले होते. त्यातल्या नावांचा आता काही उपयोग नव्हता, पण ती सगळी मला पाठ आहेत, मीच तर ठेवली होती.

पहिलं घर आपल्या दगडूचं, ज्याचा मी दत्तात्रय केला होता. बाई ओट्यावर विड्या वळत होती. मी चपला काढल्या आणि बसलो. तिनं ओळखलं नाही. तुमची ओळख सांगितली, काटावाल्या बाईंबरोबर होतो मी म्हणून. बाई कुठे आहेत, तिनं विचारलं. मी सांगितलं. तिचे हात सुपात तसेच राहिले. डोळ्याला पदर लावला नाही, काही नाही, नुसती बघत बसली. मग उठून आतून पाण्याचा तांब्या आणला, पुढ्यात ठेवला आणि पोराला दळण बघून यायला पिटाळलं.

मला प्रश्न विचारायचा होता. तुम्ही खालच्या आवाजात विचारायच्या तसाच विचारायचा, असं मी वाटेत घोकत आलो होतो. पण मी पेन्सिल हातात धरून तसाच बसलो. ती थोडा वेळ माझ्याकडे बघत राहिली, मग माझ्या नाकाकडे. आणि तिनंच विचारलं, भाऊ, तुमचं नाव काय?

"दगडू," मी म्हणालो.

तिनं मान हलवली. सूप बाजूला ठेवलं.

"तुमच्या आदी किती?"

"तीन," मी म्हणालो.

"माजी दोन," ती म्हणाली. "लिवा."